ज्येष्ठा नक्षत्राची मुलगी

“गाभ्यातला हायड्रोजन संपला, की ताऱ्याचं म्हातारपण सुरू होतं. पण हा म्हातारपणी वाळत नाही, उलट...”

“फुगतो,” पद्मजाने वाक्य पुरं केलं. “आणि फुगला की वरचा थर निवतो, म्हणून लाल दिसतो. मी बीएस्सीला शिकवते हे.”

अंशुमन हसला. चंदीगडच्या सेक्टर पंधरातल्या घराच्या गच्चीवर दोघं दुर्बिणीशी उभी होती. वीज गेल्यामुळे दक्षिणेला ज्येष्ठेचा तांबडा ठिपका स्वच्छ दिसत होता. अंशुमन पुण्याचा, आणि याच ताऱ्यावर त्याने पीएचडी केली होती. दुपारी त्याने विद्यापीठात व्याख्यान दिलं, त्यात पत्रिका बघणाऱ्यांची यथेच्छ टर उडवली आणि संध्याकाळी मुलगी बघायला आला. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट.

“सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळापर्यंत सगळं गिळून बसेल,” तो म्हणाला. “नशीब, इतका लांब आहे. त्याचा प्रकाश इथे पोचायलाच साडेपाचशे वर्षं लागतात.”

“माझं जन्मनक्षत्र आहे ते,” पद्मजा बोलून गेली.

हे बोलायचं नव्हतं. तिच्या आईने, सरोजने, दहादा बजावलं होतं, ‘विचारलं तर अनुराधा सांग.’ ज्येष्ठा नक्षत्राची सून थोरल्या दिराच्या मुळावर येते म्हणतात. थोरला भाऊ नसलेला मुलगा शोधता शोधता पद्मजाने तिशी ओलांडली होती. अंशुमनला थोरला भाऊ होता. पण या ताऱ्यावर जीव लावलेल्या माणसापुढे ताऱ्याबद्दलच खोटं बोलायची तिला लाज वाटली.

“क्या बात है!” अंशुमन म्हणाला. “म्हणजे तुम्ही माझ्या प्रबंधातच जन्मलात!”

“बत्ती आ गई जी!” खालून शेजारच्या आंटी ओरडल्या, आणि दोघं हसत हसत जिना उतरली. पद्मजा फार खूश होती.

आठवड्याने पुण्याहून त्याचा फोन आला.

“माझा यावर काडीचाही विश्वास नाही, पद्मजा. पण दादाची नुकतीच बायपास झालीय. वहिनी सारखी रडतेय, आई जेवत नाही. उद्या काही बरंवाईट झालं तर...”

“साडेपाचशे वर्षं लागतात प्रकाशाला. तुम्हीच म्हणालात.”

“ते बरोबर आहे हो. पण...”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पद्मजाने रिसीव्हर ठेवला. तिला त्याचा राग आला, आणि तो आपल्याला आवडला होता याचा त्याहून जास्त आला.

“सांगितलं होतं ना, अनुराधा म्हण!” सरोज कडाडली. “खरेपणाचा मोठा पुळका! आता बस त्या दुर्बिणीत डोळा घालून.”

अंधार पडल्यावर पद्मजा खरंच जाऊन बसली. थोड्या वेळाने सरोज वर आली. इतक्या वर्षांत तिने दुर्बिणीला कधी डोळा लावला नव्हता.

“कुठला तो?”

पद्मजाने दुर्बीण लावून दिली. सरोज वाकली आणि बराच वेळ बघत राहिली.

“एवढासा?”

“हो.”

सरोज बाजूला झाली तेव्हा भिंग ओलं झालं होतं. तिने ते पदराने पुसलं आणि जिना उतरली.