गप्प बसणाऱ्यांची खुर्ची

खुर्ची बोलतेय, जरा ऐकून घ्या. आजवर तुम्ही माझ्यावर बसून पुष्कळ ऐकवलंत.

सुताराने मला बसायला घडवलं, चिकटून राहायला नव्हे. पण या रुग्णालयाच्या समितीच्या खोलीत आले आणि मोठ्या डॉक्टरांनी मला धरलं ते सोडलंच नाही. माणसांवर नवं औषध तपासायचं तर रुग्णाला धोका किती, त्याला सगळं नीट सांगितलंय का, हे ही समिती आधी पाहते. ज्याचा स्वतःचा प्रस्ताव असेल त्याने चर्चेच्या वेळी बाहेर जायचं, असा नियम. डॉक्टर म्हणायचे, बाहेर कशाला, मी गप्प बसतो की. आणि बसायचे, पाय पसरून, एकेकाच्या तोंडाकडे बघत. त्या गप्प बसण्याला भिऊन हात पटापट वर व्हायचे. याला हे शहाणे चर्चा म्हणत.

मग नवे सदस्य आले आणि सगळ्यांचंच प्रशिक्षण निघालं. शिकवायला एक शांत वकील होते. दुपारी ते म्हणाले, पुस्तकी पुरे, आता खरा प्रस्ताव घेऊ. तो निघाला मोठ्या डॉक्टरांचाच. हृदयाच्या रुग्णांची चालू गोळी दोन आठवडे बंद करून नवी द्यायची.

"ज्यांचा यात संबंध आहे, त्यांनी उठावं," वकील म्हणाले.

डॉक्टर हलले नाहीत. हे तर प्रशिक्षण आहे, असं म्हणून हसले. दोघं-तिघं हसले, त्यांना हसणं भागच होतं.

तेवढ्यात नव्यांपैकी एक सदस्य उठल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणत. "माझा धाकटा भाऊ यांच्याच वॉर्डात आहे. हीच गोळी घेतो. माझाही संबंध आला."

या प्रस्तावाला विरोध करण्याची धमक त्या खोलीत त्यांच्याच अंगी होती. त्या बाहेर गेल्यावर भावाच्या बाजूने बोलणार कोण? तरी त्या दाराकडे निघाल्या.

सगळ्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. आता मात्र त्यांना उठावंच लागलं. वकिलांनी मला उचलून व्हरांड्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं.

बाई माझ्यावर बसल्या. डॉक्टर उभेच. आतून चकार शब्द ऐकू येईना.

"उद्या तुमच्या भावाला मीच तपासणार आहे, बाई," डॉक्टर हळूच म्हणाले.

बाईंनी माझे हात घट्ट धरले. "म्हणूनच सांगते. तुम्ही संमती मागितलीत तर त्याला तुमच्या तोंडावर नाही म्हणता येणार नाही."

आत कोणीतरी खाकरलं. मग औषधविभागाच्या प्रमुखांचा आवाज आला. एरवी सगळ्यात आधी हात वर करणारे ते हेच. गोळी बंद असताना कोणी दगावलं तर काय, असं ते विचारत होते. मग दुसरा आवाज, मग तिसरा. चांगलीच जुंपली. डॉक्टरांचा हात दाराच्या कडीकडे गेला.

"आत जायचं नाही," बाई म्हणाल्या. शाळेत म्हणत असतील तशाच. हात मागे आला.

दार उघडलं तेव्हा प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला होता. जुनी गोळी बंद करायची नाही आणि रुग्णाची संमती डॉक्टरांनी स्वतः घ्यायची नाही. बाई कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

तेव्हापासून मी व्हरांड्यातच आहे. पॉलिश उडालंय, एक पाय डुगडुगतो. मला आत नेऊ नका. आत खुर्च्या पुष्कळ आहेत. उठून येणाऱ्यांसाठी बाहेर एक तरी राहू द्या.

बाईंचा भाऊ परवा घरी गेला. निघताना बहिणीची वाट बघत त्याने माझ्यावर बसून बुटांचे बंद बांधले आणि खिशातली गोळ्यांची पट्टी चाचपून पाहिली. कोणी तरी आपल्यासाठी इथे बसलं होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.