संलग्न नागरिक

वाणिज्यदूत गेनो पाश्कुलेव यांनी खळीत बुडवलेला ब्रश दारावर आडवा फिरवला, त्यावर एका मिशाळ माणसाचा फोटो छापलेलं पत्रक लावलं आणि तळहातानं चारी कोपरे दाबले. त्यांच्या कचेरीचं ते दार अशा पत्रकांनी जवळजवळ भरून गेलं होतं.

"या आत, बिसेराबाई. फक्त खांदा लावू नका, ओलं आहे."

बिसेरा अंग चोरून आत शिरली. परराष्ट्र खात्याच्या खर्चविभागाची ती प्रभारी प्रमुख. हंगेरीतल्या या लहानशा गावी ती राजधानीतून, सोफियाहून मुद्दाम आली होती. मेलेल्या माणसांची पत्रकं तिला नवी नव्हती. तिच्या गल्लीत एकही दार, एकही बसथांबा त्यांच्यावाचून नव्हता. जाऊन चाळीस दिवस झाले, वर्ष झालं, वीस वर्षं झाली, असं सांगणारी. पण ती घरची माणसं लावतात. सरकारी कचेरीनं लावलेली ती पहिल्यांदाच बघत होती.

"यांचं मागे कोणी नाही," गेनो ब्रश धूत म्हणाले. "भाजीचे मळे करायला आलेली आपली माणसं. मिरची, कोबी, टोमॅटो. इथंच संपली."

"आणि हा खर्च तुम्ही नागरिकांच्या सेवेखाली दाखवता?"

"मग कशाखाली दाखवू? वारस येईपर्यंत प्रकरण बंद करायचं नाही, हा नियम तुमच्याच खात्याचा. प्रकरण खुलं आहे तोवर माणूस नागरिक."

बिसेरा हसली. गेनो हसले नाहीत.

अभ्यागतांच्या खोलीत शेगडी रसरसून पेटली होती. बाकं रिकामी होती. याच सरपणाच्या खर्चासाठी तर तिला यावं लागलं होतं.

"इथं कोणीच नाही की."

"हो ना," म्हणत गेनोंनी कॉफीचे दोन कप छातीपाशी उंच धरले आणि लग्नाच्या गर्दीतून वाट काढावी तसे ते भिंतीकडेनं, तिरके होत पलीकडे गेले. बिसेरा जवळच्या बाकावर टेकणार तोच ते वळले.

"तिथं नको. शेगडीजवळचं बाक आधी भरतं. तुम्ही आत माझी खुर्ची घ्या."

एकटा राहून म्हातारा जरा चळलाय, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. तरी आतल्या खोलीत ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

तेवढ्यात उपमंत्र्यांचा फोन आला.

"बिसेराबाई, परवा समितीपुढे वर्षाचा हिशेब द्यायचाय. एक कचेरी बंद करायचं कबूल केलंय आपण. नाव हवं मला. नसेल मिळत, तर तुमचं नाव आहेच की!" स्वतःच्या विनोदावर ते खो खो हसले.

ती हसली नाही. बढतीची वाट बघत असताना तिच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढे निघून गेली होती. परवाच्या बैठकीनंतर खुर्ची तिची होणार होती, किंवा कधीच नाही.

तिनं पिशवीतून छापील आदेश काढला, रिकाम्या जागी गावाचं नाव लिहिलं आणि कागद पुढे सरकवला. गेनोंनी चष्मा चढवला. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"'या कचेरीशी संलग्न सर्व नागरिकांनी यापुढे आपल्या कामासाठी राजधानीतील खात्यात समक्ष उपस्थित राहावे.' एवढं गाळता येईल?"

"ठरलेला मजकूर आहे तो. गाळला तर आदेशच रद्द."

"बाई, मी माझ्यासाठी म्हणत नाही. मला पेन्शन आहे, बरा म्हणावा असा जावई आहे. पण हे एक वाक्य नको."

"बाहेर एक माणूस दाखवा मला. आत्ता फाडते कागद."

गेनो उघड्या दारातून बाकांकडे बराच वेळ बघत राहिले.

"दाखवू कसा?" ते हळूच म्हणाले आणि त्यांनी सही केली.

आदेश अभ्यागतांच्या खोलीत मोठ्यानं वाचायचा, असाही एक नियम होता. तो कोणी पाळल्याचं बिसेरानं पाहिलं नव्हतं. गेनोंनी कोटाची बटणं लावली, बाहेर जाऊन आदेश वाचला. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, कानानं अधू माणसांसाठी वाचावं तसं सावकाश. मग थोडं थांबून ते म्हणाले, "हो, सगळ्यांनीच. लांब आहे, ठाऊक आहे मला."

त्यांनी शेगडी विझवली. बिसेरा बाहेर आली तेव्हा खोली पार गारठली होती. इतक्या लवकर खोली गार पडत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण गाडीची वेळ झाली होती.

समितीची बैठक खात्याच्या मोठ्या सभागृहात भरली. मागच्या रांगा नेहमीप्रमाणे ओस होत्या. अध्यक्षबाईंनी बचतीचे आकडे पाहून मान डोलावली.

"या कचेरीवाचून कोणाची गैरसोय?"

"कोणाचीच नाही," बिसेरा उभी राहून म्हणाली. "तिथं कोणी येतच नव्हतं."

"छान काम केलंत. मंजूर."

उपमंत्र्यांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. खाली बसताना तिच्या घोट्यांना गार वारा लागला. मागचं दार सताड उघडं होतं आणि म्हातारे द्वारपाल स्तामेन ते पाठीनं रेटून उभे होते.

"दार लावा की, काका!" उपमंत्री ओरडले. "गारठून मरायचं का आम्ही?"

"लावतो, साहेब. एवढी मंडळी आत येऊ देत." स्तामेनकाका जिन्याकडे बघत होते. "मळ्यातली दिसतायत. पाय पुसा म्हटलं तर ऐकत नाहीत, सगळ्या गालिच्यावर माती केली." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बिसेराबाई कोण, म्हणून विचारतायत."

उपमंत्री कपाळाला आठ्या घालून रिकाम्या दाराकडे बघू लागले.

बिसेरानं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.