मेन नेहमी वर

मी खोक्यातून बोलतोय, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. वरून चिकटपट्टी लावली आहे, बाजूंनी जुन्या चादरी कोंबल्या आहेत आणि खोकं दाराशी आणून ठेवलंय. मी एक कॉम्प्युटर आहे, खास खेळांसाठी बांधलेला. संध्याकाळी मला न्यायला येणार आहेत. त्याआधी एक गोष्ट कुणाच्या तरी कानावर घालायची आहे, कारण या घरातल्या माणसांना ती सांगायची राहून गेली. मला पंखे आहेत, दिवे आहेत, पण त्यांना ऐकू जाईल असं तोंड नाही.

या घरातल्या मुलानं मला याच खोलीत, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, एकेक भाग जोडून तयार केलं. त्याचे बाबा दारात उभे राहून बघत होते. बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. कोण स्क्रू कसा पिळतो, यावरून ते माणूस ओळखत. मुलानं शेवटचा स्क्रू बसवला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जास्त आवळू नकोस, आटे जातील." या घरात याला कौतुक म्हणतात.

पुढे मुलगा दूरच्या शहरात नोकरीला गेला. मला मात्र मागे ठेवून गेला, आणि टेबलाला एक स्टिअरिंग बसवून गेला. बाबांना त्यानं ट्रक चालवायचा खेळ शिकवला. तो तिकडून एक ट्रक चालवायचा, बाबा इकडून दुसरा, दोघांचा रस्ता एकच, आणि माझ्यातूनच एकमेकांचा आवाजही ऐकू यायचा. दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की दोघं माल भरून निघायचे.

तोवर फोनवर त्यांचं बोलणं म्हणजे "जेवलास का" आणि "आईला देतो", एवढंच असायचं. पण समोर रस्ता असला, एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं नसलं, की दोघांची जीभ सैल व्हायची. नोकरीतला त्रास मुलानं घाटाच्या वळणावर सांगितला. निवृत्तीनंतर सकाळी उठून कुठे जायचं हेच कळत नाही, असं बाबा एका पुलावर बोलून गेले. आई दारात भाजी निवडत ऐकायची. तिच्यासाठी तेच आठवड्याचं पत्र होतं.

त्या दिवसांत मीही जोरात होतो. खेळ म्हणजे एकामागून एक भराभर येणारी चित्रं. ती पुरेशी आली की रस्ता सरळ वाहतो, कमी पडली की उड्या मारायला लागतो. ही चित्रं काढण्यासाठी माझ्या पोटात एक वेगळं, दणकट कार्ड आहे. स्क्रीनची वायर त्या कार्डाला जोडलेली होती. तिथंच ती असायला हवी.

मग खोलीला ओल आली आणि रंगकाम निघालं. बाबांनी माझ्या सगळ्या वायरी स्वतः काढल्या, धूळ पुसली, मला चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत नेलं. रंग वाळल्यावर परत जोडायला बसले. माझ्या पाठीला स्क्रीनची वायर बसेल अशा दोन जागा आहेत, दिसायला जुळ्या. खालची त्या दणकट कार्डाची. वरची साध्या कामाची, पत्र लिहा, फोटो बघा, तेवढ्यापुरती.

"अगं, ही वायर खाली होती की वर?" बाबांनी विचारलं.

"मला काय त्यातलं कळतंय?" आई म्हणाली. "त्याला फोन करून विचारा ना."

"एवढ्यासाठी फोन? खालीच होती बहुतेक. पोरानं घाईत खुपसली असणार. अगं, मेन नेहमी वर असतो. कुठलंही पॅनल उघड, येणारी लाईन वरच लागते."

आणि त्यांनी वायर वर लावली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्या जागेभोवती लाल इन्सुलेशन टेपची पट्टीही चिकटवली, खूण म्हणून. मुलाची चूक आपण गुपचूप सुधारली, याचं त्यांना समाधान वाटत होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून ते त्याच्याजवळ याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. या घरातली माया ही अशी, तोंड मिटून असते.

त्या रविवारपासून मी अडखळायला लागलो. दणकट कार्ड आत हात बांधून बसलं होतं आणि सगळा बोजा त्या साध्या जागेवर पडला होता. रस्ता झटके खात येई. बाबा चाक थोडं वळवत, पण ते पडद्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असे. मग घाईनं ते जास्त वळवत, आणि ट्रक कठड्यावर जाऊन आदळे.

"बाबा, काय झालं? झोप लागली की काय?" मुलगा हसत म्हणाला.

"जरा अडकतंय रे."

मग फोनवरून उपाय सुरू झाले. मुलगा म्हणाला, चित्रांचा दर्जा कमी करा. बाबांनी केला. झाडं गेली, सावल्या गेल्या, डोंगर मातीच्या ढेकळांसारखे दिसायला लागले, तरी झटके होतेच. मागे चालणारे बाकीचे प्रोग्रॅम बंद करा, म्हणाला, तेही झालं. सगळं नव्यानं अपडेट केलं, पंख्यांची धूळ झाडली. प्रत्येक उपायानंतर बाबा चष्मा पुसून नव्या उमेदीनं बसायचे, आणि पहिल्याच वळणावर त्यांचा चेहरा उतरायचा.

शेवटी मुलानं विचारलं, "बाबा, मागची वायर नीट बसवलीय ना तुम्ही?"

मी जीव मुठीत धरून ऐकत होतो.

"लिफ्टच्या वायरी बसवण्यात जन्म गेला माझा," बाबा म्हणाले. "माणसं लटकायची त्यावर. आणि तू मला वायर विचारतोस?"

"तसं नाही हो बाबा. सहज विचारलं," मुलगा ओशाळून म्हणाला. त्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. "मग म्हातारं झालं असेल ते."

तो माझ्याबद्दल बोलत होता. बाबांनी मात्र चाकावरचे आपले हात उचलले आणि बघत राहिले.

त्यांच्या वडिलांना म्हातारपणी कंपवाताचा आजार होता. कप तोंडाशी नेईपर्यंत चहा अंगावर सांडायचा. हे मी पुढे ऐकलं, बाबा आईशी हळू आवाजात बोलत होते तेव्हा. "त्यांचंही असंच सुरू झालं होतं. हात आधी उशिरा ऐकायला लागतो."

"अहो, तुमच्या हातून चहाचा थेंबही सांडत नाही," आई म्हणाली. "डॉक्टरला तरी दाखवू."

"सुरुवातीला दिसत नाही ते. आणि डॉक्टरनं एकदा नाव घेतलं की ते घरात राहायलाच येतं. पोराला यातलं काही कळता कामा नये. माझी शपथ आहे तुला."

आईनं तरी एक शहाणपणाचं काम केलं. मला दुकानात तपासायला पाठवलं. तिथला कारागीर चांगला होता, कामाला वाघ. त्यानं मला टेबलावर घेतलं, स्वतःची वायर घेतली आणि न बघता खालच्या जागेत लावली, कारण त्याच्या हाताला तीच सवय. वरच्या लाल पट्टीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मी सुरू झालो आणि काय सांगू, कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. रस्ता लोण्यासारखा मऊ. कारागिरानं फोन लावला. "काका, मशीन एकदम ठणठणीत आहे. काहीही दोष नाही. घेऊन जा."

यापेक्षा वाईट बातमी त्या घरात जाऊ शकली नसती.

बाबा मला घ्यायला स्वतः आले. "नक्की काही नाही ना?" त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मशीनमध्ये दोष निघावा म्हणून इतक्या आशेनं विचारणारं गिऱ्हाईक त्या कारागिरानं पहिल्यांदाच पाहिलं असेल. "अहो काका, मी स्वतः चालवून बघितलं," तो अभिमानानं म्हणाला. बाबांनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांनी मला जागेवर ठेवलं आणि लाल पट्टी बघून वायर पुन्हा वर लावली. पहिल्या वळणावर ट्रक कठड्याला घासला. बाबांनी चाक सोडलं आणि मला बंद केलं. दोष सापडला होता, असं त्यांना वाटत होतं.

त्यानंतर रविवारी दुपारी कधी लाईट नसायची, कधी पाहुणे यायचे, कधी डोकं दुखायचं. लाईट असायची. पाहुणे कुणी येत नव्हते.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. स्कूटरची चावी बाबांनी आईच्या हातात दिली. शेजारीण बिघडलेली बेल घेऊन आली, तर "आता ते जमत नाही" म्हणून तिला परत पाठवलं. हत्यारांची पिशवी ओळखीच्या एका लिफ्टवाल्याला देऊन टाकली. ज्या हातांना काही झालेलं नव्हतं, ते हात त्यांनी मांडीवर घडी करून ठेवून दिले. आजारी माणूस निदान बरं व्हायची वाट तरी बघतो. त्यांनी तेही केलं नाही.

तिकडे मुलाचा वेगळाच समज झाला. त्यानं त्या शहरात कायमचं राहायचं ठरवलं होतं आणि ते बाबांना खेळतानाच, शेवटच्या चांगल्या रविवारी सांगितलं होतं. "त्यामुळे रागावलेत का गं ते?" तो आईला विचारायचा. "नाही रे," एवढंच आई म्हणायची. शपथेपुढे तिचं काही चालत नव्हतं.

मध्ये तो चार दिवस येऊन गेला. एका दुपारी या खोलीत आला आणि माझ्यावरची चादर उचलली. बाबा पलंगावर बसले होते.

"मारायची का एक चक्कर, बाबा? मी शेजारी बसतो."

"राहू दे ते," बाबा एकदम म्हणाले. त्यांना भीती वाटली, मुलगा शेजारी बसला तर हातांकडे बघेल. आवाज मात्र रागावल्यासारखा लागला. "खेळायची वयं गेली आता."

मला भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं असतं, तर मुलाला ती लाल पट्टी दिसली असती. ज्यानं मला जोडलं, त्याला एका नजरेत सगळं कळलं असतं. त्यानं चादर पुन्हा माझ्यावर घातली, तिचे कोपरे नीट केले आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. तेव्हापासून फोनवर पुन्हा "जेवलास का" आणि "आईला देतो".

परवा बाबांनी आपल्या भाचीला फोन केला. तिला चित्रांच्या कामासाठी मशीन हवं होतं. "घेऊन जा," ते म्हणाले. "तपासून आणलंय, अगदी ठणठणीत आहे. चालवणाराच थकला. हात साथ देत नाहीत आता."

आज सकाळी त्यांनी मला स्वतः बांधलं. वायरींच्या गुंडाळ्या केल्या, प्रत्येकीला दोरा बांधला, खोक्यावर सुतळी आवळली. मी त्यांचे हात अगदी जवळून पाहिले. एकाही गाठीला बोट चुकलं नाही. सुईत दोरा ओवावा इतके स्थिर हात होते ते. आई शेजारीच उभी होती. तिनंही पाहिलं असावं, कारण ती पदर डोळ्यांना लावून आत गेली.

आता पुढचं मला स्पष्ट दिसतंय, आणि त्याचंच दुःख आहे. भाची हुशार आहे. ती वायर बरोबर जागी लावेल आणि मी पूर्वीसारखा धावेन. ती आनंदानं फोन करील, "मामा, काय भन्नाट चालतंय हो!" आणि इकडे बाबा म्हणतील, "म्हटलं नव्हतं तुला? मशीन चांगलंच होतं." माझी प्रत्येक चांगली चाल त्यांच्या हातांविरुद्ध साक्ष देत राहील.

म्हणून पोरी, एवढं एकच कर. माझी पाठ पुसताना तुला वरच्या भोकाभोवती लाल पट्टी दिसेल. ती नखानं काढून फेकू नकोस. आधी फोन लाव आणि विचार, "मामा, ही पट्टी कशाची?" ते सांगतील, मेन नेहमी वर असतो. तेव्हा हसू नकोस. त्यांना सावकाश सांग की यात मेन खाली असतो, आणि मग त्यांना म्हण, तुमचे हात चांगले आहेत, मामा. हवं तर हे दोनदा सांग, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसणार नाही.

बेल वाजली. आई दार उघडतेय. खोक्याची एक बाजू बाबांनी धरली आहे, आणि भाची म्हणतेय, "मामा, तुम्ही नका उचलू, हात थरथरतो म्हणे तुमचा."

खोकं जरासुद्धा हललेलं नाही. तरी बाबांनी हात काढून घेतले.