रंगरावांचं ‘असं’

शेतीच्या व्हिडिओंचे लेख करणं हे माझं काम. कॉम्प्युटर बोलण्याचा उतारा काढून देतो, मी त्याचं मराठी करतो. अकरा वर्षं झाली. व्हिडिओ मी बघत नाही; ते काम प्रेक्षकांवर सोपवलंय.

मग स्वराली आली. वय चोवीस. तिच्या लेखांना वाचकांची पत्रं येऊ लागली. मलाही एक आलं होतं, तिच्या नावाचं.

आता निवडक लेखांचं पुस्तक निघणार होतं आणि संपादक एकच असणार होता. तो मी असावा, ही माझी साधी इच्छा. ती नसावी, ही त्याहून मनापासूनची.

निवडीसाठी दोघांना एकच व्हिडिओ मिळाला. लोणी काळभोरचे नर्सरीवाले रंगराव रानटी गुलाबावर चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, बसवून दाखवत होते. उताऱ्यात होतं, “हितं असं कापायचं, मग ह्ये असं सरकवायचं. सोपं हाय.” मी लिहिलं, ‘योग्य ठिकाणी योग्य प्रकारे काप घ्यावा.’ वाक्य मला अजून आवडतं. स्वरालीनं प्रत्येक ‘असं’पाशी व्हिडिओ थांबवला आणि लिहिलं, ‘सालीवर इंचभर उभा काप, त्याच्या वरच्या टोकाला अर्धा इंच आडवा.’

“आपला लेख वाचून मी करून बघितलं,” आमच्या प्रमुख सत्यशीलाबाई पट्टी बांधलेलं बोट दाखवत म्हणाल्या. “योग्य प्रकारे कापलं. आता तिच्या लेखावरून आपण करा. व्हिडिओ न बघितलेला माणूस हवा. ऑफिसात तसे आपण एकटेच.”

घरी बाल्कनीत मी तिच्या लेखातलं अक्षर न् अक्षर पाळलं. फसलं तर खापर लेखावरच फुटायला हवं होतं. कापावर पट्टी बांधली आणि रोज सकाळी आशेनं बघायला जाऊ लागलो, डोळा काळा पडला का.

“एवढी काळजी तुम्ही माझ्या आजारपणातही केली नव्हती,” बायको म्हणाली.

अठराव्या दिवशी लालसर कोंब दिसला. मी तो खुडायला नख लावलंच होतं, तेवढ्यात सत्यशीलाबाईंचा फोन. हाताला माती, म्हणून स्पीकरवर घेतला.

“फुटला का डोळा?”

“नाही हो. वाईट वाटतं. पोरीनं कष्ट घेतले होते.”

“अहो, कुणाला सांगताय?” मागून बायको कौतुकानं ओरडली. “हा काय, चांगला नखभर आलाय!”



“स्वरालीला मी कळवते,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “आपण फक्त कुंडीला पाणी घाला.”