आगीचा पाहुणचार

पंजाबरावचा चाऱ्याचा कोठा जळाला तेव्हा धूर विझायच्या आत गावानं गुन्हेगार ठरवून टाकला: देवमन. आठवडाभर आधी त्यानं पंजाबरावच्या विहिरीवर पाणी मागितलं होतं. ज्या वस्तीनं छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, त्या वस्तीतला माणूस विहिरीकडे बोट दाखवतो, म्हणजे तो आग लावणारच. इंझोरीच्या अलीकडच्या आमच्या गावाला एवढं शास्त्र पंच्याहत्तर सालीही तोंडपाठ होतं.

अकोल्याहून तपासाचा साहेब यायला महिना गेला. गुलाबसिंग त्याचं नाव, नागपुरात आगीचं शिक्षण घेतलेला. तो येणार त्या सकाळी देवमनला दाव्यानं निंबाला बांधलं. साहेबाला शोधायचा त्रास नको.

साहेब बाजेवर बसला, चहाचे दोन घोट घेतले आणि म्हणाला, "आधी जागा. जागेवरून कारण. कारणावरून माणूस. जळलेली जागा जशीच्या तशी ठेवली ना?"

पंजाबराव दुखावला. "तशीच कायले ठेवीन, साहेब? तुमी पाहुने. सारवून घेतली."

खरंच सारवली होती. छप्पर नवं, उंबऱ्यात रांगोळी. भिंतीवरची काजळी खालून वर कशी पसरली ते पाहिलं की आग कुठून उठली ते कळतं, असं साहेब सांगत होता. ज्या दर्शनी भिंतीकडे बोट केलं तिथं गेरूचा मोर काढलेला होता.

साहेबानं पिशवीतून पत्र्याचा रिकामा डबा काढला. "राख तरी द्या. डब्यात बंद करून तपासायला पाठवतो."

पंजाबरावची बायको कस्तुराबाई दारातून म्हणाली, "राख त साऱ्या गावानं भांडे घासाले नेली जी. पितळ कसं चमकून राह्यलं!"

"आणि जळके वासे?"

"त्याच्यावरच त तुमचा चहा उकळला."

साहेबानं कपाकडे पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

"पुरावाच पाह्यजे ना? हा घ्या." पंजाबरावनं खिशातून काड्यापेटी काढली. कोरी करकरीत. "आगीच्या बरोबर मधात सापडली."

"मग जळली कशी नाही?"

"चांगल्या कंपनीची हाये."

गावचा कायमचा पंच इंद्रभान पुढं सरकला. "सही कुठं करू?"

"तुम्ही काय पाहिलं?"

"काहीच नाही. म्या त्या दिवशी कामरगावले होतो. पन सही करतो ना. नेहमीच करतो."

"साहेब, माह्या नवऱ्याले बांधलं काहून, ते तरी इचारा!" देवमनची बायको भागिरथा निंबाखालून ओरडली.

"चूप बस वं!" पंजाबराव म्हणाला.

साहेब कोठ्याच्या दारात गेला. पाहुण्याला रिकामा कोठा दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून आग विझल्यावर चार दिवसांत पंजाबरावनं तो भुईमुगाच्या ओल्या कुटारानं छपरापर्यंत ठासून भरला होता. आधी जळालेलं कुटारही असंच ओलं होतं. साहेबानं त्यात कोपरापर्यंत हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"आतून तापलंय हे! ओला चारा दाबून भरला की आतल्या आत सडतो, तापतो आणि काडीशिवाय पेटतो. उपसू नका. हवा लागली की भडकेल. आधी पाणी आणा."

"माह्या कुटाराले नाव ठेवता?" पंजाबरावनं दाताळं उचललं. "हे पाहा, आत काई नाही!" त्यानं एक मोठा ढीग ओढला.

आत होतं. जाळ थेट नव्या छपराला भिडला.

"देवमननं पुन्हा पेटवलं!" कोणीतरी बोंबललं. सगळं गाव कोठा सोडून निंबाकडे वळलं. देवमन बांधलेलाच होता. एवढं दिसूनही दोघं-तिघं त्याच्या हाताचा वास घ्यायला धावले.

पंजाबरावनंच येऊन दावं सोडलं. "अबे, पाहून काय राह्यला? विहिरीवर जा, पानी काढ!"

देवमननं मनगटं चोळली. "कोनच्या विहिरीवर, पंजाबराव?"

"माह्या! माह्या विहिरीवर!"

विहिरीचा दोर सापडेना. देवमननं आपल्या हाताचं दावं बादलीला बांधलं आणि पाणी ओढायला लागला. अर्धा कोठा वाचला. मोर गेला.

साहेब काजळलेल्या तोंडानं म्हणाला, "कारण सापडलं. त्यात माणूस नाही. देवमन सुटला."

"आगीचं जाऊ द्या," पंजाबराव धापा टाकत म्हणाला. "यानं माही विहीर बाटवली, ते लिहा."

"तुम्हीच पाठवलं त्याला."

"म्या? कवा?"

भागिरथानं साहेबाचा रिकामा डबा उचलला, बादलीतलं पाणी त्यात ओतलं आणि त्याच्यापुढं धरला. "राख नाही भेटली त हे न्या, साहेब. माह्या नवऱ्यानं, या पंजाबरावच्या सांगन्यावरून, या विहिरीतून काढलेलं पानी. उद्या हा नाहीच म्हनन."

साहेबानं झाकण लावलं, धुमसत्या वाशावर पिशवीतली लाख वितळवली, डबा सीलबंद केला. "पंचाची सही लागेल."

इंद्रभान विहिरीच्या काठालाच उभा होता, नखशिखांत भिजलेला. तो मागं सरकला.

"म्या सारं पाह्यलं जी, या डोयानं पाह्यलं," तो म्हणाला. "म्हनूनच सही नाही करत."

देवमननं हातातलं दावं सोडलं नाही. बादली पुन्हा आत सोडत तो म्हणाला, "भागिरथे, पान्याचा गुंड घेऊन ये. आता घरचं भरू."