उभी गाडी गरगर फिरते

निंबाबुवांच्या गाडीत महिन्याभरापासून एक पिवळा दिवा लागत होता, आणि बुवांनी त्यावर भक्तिभावानं जे जे करता येईल ते सगळं केलं होतं. लिंबू-मिरची बांधली, नारळ उतरवून टाकला. शेवटी गिअरच्या पुढे बसवलेल्या पितळी विठ्ठलाला रोज साध्या पाण्याऐवजी दुधा-मधाचा अभिषेक सुरू केला. दिवा काही विझेना. उलट परवा पारोळ्याजवळ साध्या वळणावर गाडीनं आपणहूनच एका चाकाचा ब्रेक धरला आणि बुवांच्या पत्नी सुंदरबाईंच्या मांडीवरचा पेढ्यांचा डबा थेट काचेवर गेला.

म्हणून गाडी पिंप्राळ्यात प्रेमराजच्या गॅरेजला आली.

प्रेमराज बुवांचं कीर्तन दहा वर्षं पहिल्या रांगेत बसून ऐकत आला होता. टाळ तो बरा वाजवायचा, पण बुवांच्या मागं उभं राहायचं भाग्य काही लाभलं नव्हतं. आज बुवांनी चहाचा घोट घेत सांगून टाकलं, "उद्या धुळ्याला काल्याचं कीर्तन आहे. एक टाळकरी तापानं पडलाय. गाडी नीट कर आणि आमच्याबरोबरच चल. माझ्या उजव्या हाताला उभा राहा."

प्रेमराजच्या हातातला पाना खाली पडला.

बुवा समोरच्या ओट्यावर आडवे झाले आणि प्रेमराजनं स्कॅनर जोडला. वळणावर गाडी घसरू लागली तर एकेक चाक धरून तिला सावरणारी यंत्रणा असते, तिचाच हा दिवा. धुळ्याच्या एका मेकॅनिकनं चारही चाकांचे सेन्सर बदलून दिले होते. प्रेमराजनं ते तपासले, चारही ठणठणीत होते. स्टिअरिंग सरळ धरलं, तिथला आकडाही बरोबर शून्य. मग त्यानं तिसरा आकडा पाहिला आणि डोळे चोळले. गाडी किती वेगानं स्वतःभोवती वळतेय हे सांगणारा तो सेन्सर. गाडी गॅरेजात उभी, चाकांखाली विटा, आणि सेन्सर म्हणत होता, गाडी डावीकडे गरगर फिरतेय.

"घरात बसून तीर्थयात्रा चाललीय बाईसाहेबांची," प्रेमराज पुटपुटला.

तो सेन्सर दोन सीटच्या मधल्या पट्टीत, गिअरच्या पुढे, बरोबर विठ्ठलाच्या पायाखाली होता. झाकण काढलं तर आत वाळलेल्या दुधाची खरपुडी, मधाला चिकटलेल्या मुंग्या आणि तुळशीची दोन पानं. वायरीच्या जोडावर हिरवा गंज चढला होता. त्यानं तो स्प्रेनं धुतला, वाळवला, गाडी सपाट जागेवर उभी करून सेन्सरचं शून्य पुन्हा लावलं आणि कॉलनीला तीन चकरा मारल्या. दिवा गेला.

बुवा उठून बघतात तो डॅशबोर्डच्या काचेमागं अंधार. त्यांनी हात जोडले. "पाहिलंस? सकाळीच मी दुधात दही वाढवलं होतं. ऐकलं देवानं! आता सव्वा महिना असाच अभिषेक चालवतो."

प्रेमराजनं अजून न पुसलेलं झाकण उचललं. गप्प राहिलं तर उद्या बुवांच्या उजव्या हाताला जागा. आणि आठ दिवसांनी पुन्हा एखादं वळण, तिथं समोरून केळीचा ट्रक.

"बुवा," तो म्हणाला, "दिवा अभिषेकानंच लागत होता."

"काय म्हणालास?"

त्यानं झाकण पुढं केलं. मुंग्या दिसल्या, तुळस दिसली. "आधी पाणी, मग दूध-मध. जितका अभिषेक वाढला, तितकं आत झिरपलं. देवाला इथं ठेवू नका. ठेवलाच तर नुसतं फूल वाहा."

बुवांचे कान लाल झाले. "म्हणजे माझ्या सेवेनं गाडी बिघडली? वीस वर्षं कीर्तन करतोय मी. तू मला भक्ती शिकवणार?"

"मी रोज सांगस," सुंदरबाई मागच्या सीटवर बसता बसता नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "त्या ऐकतस का पन?"

त्या एका वाक्यानं होती नव्हती ती आशा मावळली. बुवा गाडीत बसले आणि काच खाली करून एवढंच बोलले, "उद्या टाळ धरायला हिलालला सांगतो."

सकाळच्या एसटीनं प्रेमराज धुळ्याला गेला. राग आला होता, पण काल्याचं कीर्तन चुकवण्याइतका नाही. मंडपाबाहेर गाडी दिसली. तिच्यात डोकावून पाहिलं तर गिअरपुढची जागा रिकामी, कोरडी, पुसून लख्ख केलेली. त्याचा जीव भांड्यात पडला. मंडपात शेवटच्या रांगेत जागा मिळाली.

बुवा त्या दिवशी रंगातच होते. अभंगाचं निरूपण सुरू झालं आणि त्यांनी दृष्टांत लावला.

"एक भोळा मेकॅनिक होता. चाकं तपासून दमला. मी त्याला म्हटलं, बाबा रे, दोष चाकात नाही, आत बघ! गाडी उभी आहे, पण आतलं यंत्र म्हणतंय मी फिरतंय. अरे, आपलं मनही असंच! देवापुढं बसलेलं, आणि फिरतंय बाजारात! त्यानं झाकण उघडलं, तर काय? आपणच ओतलेलं दूध! आपल्याच पुण्याचा गंज!"

मंडप हलला. विठ्ठलनामाचा गजर झाला. मागं हिलालचा टाळ दोनदा चुकला, पण ते प्रेमराजशिवाय कुणाला कळलं नाही.

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या धुरपदाबाईंनी डोळे पुसले. "केवढं ग्यान, भाऊ! आन् तो मेकॅनिक? त्याले काही समजलं का शेवटी?"

"समजलं असावं अक्का," प्रेमराज टाळ्यांचा ठेका धरत म्हणाला. दृष्टांत खरंच फार सुंदर लागला होता. "बुवांसारखा गुरू भेटल्यावर समजायला किती वेळ लागतो?"