तिसऱ्या मजल्यावरचं शूटिंग

"तो प्लास्टिकचा पांढरा सूट घालायचा नाही," सेक्रेटरी यज्ञेश प्रधान म्हणाले. "साध्या कपड्यांत काम करा. कोणी विचारलं तर सांगा, रंगारी आहोत."

"साहेब, आत पाच दिवस पडून राहिलेल्या माणसाचं काम आहे," दशरथ परब म्हणाला. "ते रंगाऱ्याचं नाही."

"हळू बोला ना यार!"

बोरिवलीतल्या त्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर, तीनशे दोनच्या बंद दारापुढे ते उभे होते. प्रधान, माणूस मेलेल्या खोल्या साफ करून देणारा दशरथ आणि त्याची बायको मालन. आत अण्णा सबनीस एकटे राहत होते. मागच्या आठवड्यात वेताच्या खुर्चीतून उठता उठता पडले आणि गेले, आणि ते कळायला पाच दिवस लागले. पोलीस आले, पंचनामा झाला आणि अण्णांना मागच्या जिन्याने खाली नेलं, तेव्हा क्रिकेटची फायनल चालू होती आणि अख्खी बिल्डिंग टीव्हीला चिकटलेली होती. प्रधानांना ती फायनल देवासारखी पावली. त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं की अण्णांना ॲडमिट केलंय, आणि वास ड्रेनेजचा आहे. समोरचा तीनशे एक प्रधानांचा होता, तो त्यांनी विकायला काढला होता, आणि आज संध्याकाळी सहाला पार्टी फ्लॅट बघायला येणार होती. शेजारी असं काही घडलंय म्हटल्यावर भाव पडतो, हे सांगायला प्रधानांना ज्योतिषी लागत नव्हता.

"किती घेणार?" त्यांनी विचारलं.

भाव सांगणं मालनचं खातं होतं. दशरथ एकदा आत जाऊन आला की त्याच्या तोंडून आकडाच फुटायचा नाही. भिंतीवरचे फोटो बघून तो निम्म्यावर यायचा आणि घरी बोलणी खायचा. म्हणून दार उघडण्याआधी बाहेरच भाव ठरवायचा, असा मालनने नियम केला होता.

"पडून राहिल्याचे दिवस पाच," मालन म्हणाली. "फरशी साधी आहे ते बरंय, लाकडाची असती तर उचकटावी लागली असती. खुर्ची तोडून न्यावी लागणार. पिवळ्या पिशव्यांतला माल कचऱ्याच्या गाडीत टाकत नाय आम्ही, जाळायला नेणारी गाडी वेगळी, ती किलोवर पैसे घेते. बत्तीस हजार."

"बत्तीस? तेवढ्यात मी अख्खा फ्लॅट रंगवून घेईन!"

"घ्या की. रंगारी बोलवा."

प्रधान बोटांवर हिशेब करायला लागले. "सूटचे यात किती धरलेत?"

"दोन सूट. बावीसशे."

"मग ते वजा करा! घालूच नका म्हणतोय ना मी."

हिशेब बिनतोड होता. पण चार वर्षांपूर्वी दशरथने फाटका हातमोजा तसाच ठेवून काम पुरं केलं होतं आणि मग काविळीने तीन महिने अंथरूण धरलं होतं. तेव्हा मालनने त्याला गावच्या रवळनाथाची शपथ घालून ठेवली होती. सूट नाही तर काम नाही.

शेवटी प्रधानांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. "हे बघा परब. सोसायटीच्या चार विंग. टाक्या, जिने, गच्ची, सगळ्याचं वर्षाचं काँट्रॅक्ट माझ्या सहीवर आहे. उद्यापासून तुमचं. पण इथे काय झालं ते तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये."

दशरथ बायकोकडे बघत राहिला. टाक्या आणि जिने! ज्या कामाहून घरी आल्यावर जेवण घशाखाली उतरतं, असं काम. गेली आठ वर्षं गणपतीत गावी गेलं की मालन सगळ्यांना सांगायची, "ह्ये केमिकलच्या लायनीत आसत." तिला नुसतं 'टाक्या साफ करतात' असं खरं सांगायचं होतं, आणि दशरथला ते ऐकायचं होतं. त्याला एवढा मोह दुसऱ्या कशाचा कधी झाला नव्हता.

"तोंड बंद ठेवतो," तो म्हणाला. "पण सूट घालणार."

त्याने सूट चढवला, दुहेरी हातमोजे घातले, मनगटावर चिकटपट्टी लावली, गॅस गाळणारा मास्क बांधला. मालनने जिन्याच्या तोंडाशी लाल टेप ओढली. एवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या वसुधाताई जिना उतरत आल्या आणि थबकल्या.

"अगंबाई! हे काय?"

प्रधानांची पाचावर धारण बसली. रंगाऱ्याची थाप आता चालण्यासारखी नव्हती. "शूटिंग!" ते म्हणाले. "वेब सिरीज आहे. छोटंसंच आहे. कोणाला सांगू नका."

'कोणाला सांगू नका' हे वसुधाताईंना सांगणं म्हणजे भोंगा वाजवणं. पंधरा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी गेली आणि अर्ध्या तासात जिन्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणी पावडर लावून आलं, कोणी नातवाला कडेवर घेऊन आलं. वास आलाच तर नाकाला पदर लावून बायका म्हणत होत्या, "किती खरं खरं करतात ना हल्ली!"

आत दशरथने क्लोरीनचं पाणी फरशीवर सोडलं. ते अर्धा तास तसंच राहायला हवं होतं. भरलेली पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून, तोंड बांधून तो दाराशी आला, तर बाहेर टाळ्या पडल्या.

"हा शास्त्रज्ञ आहे का व्हिलन?" वसुधाताईंनी विचारलं.

"टेपच्या आत पाय टाकाल तर बघा!" मालन गरजली. "मागे व्हा सगळे!"

"डायरेक्टर बाई आहे," मागून कोणीतरी कौतुकाने म्हणालं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत खजिनदार सुयोग ठाकूर पावती पुस्तक घेऊन वर आले. "प्रधान, मीटिंग न घेता परवानगी दिलीत? मढला बंगलेवाले शूटिंगचे दिवसाला चाळीस-चाळीस हजार घेतात, आणि तुम्ही सोसायटीचा जिना फुकट देताय? की पैसे तुम्हीच खाल्लेत?"

"अहो, छोटं युनिट आहे..."

"मग छोटी पावती फाडतो. अकरा हजार. कोणाच्या नावाने?"

चाळीस माणसं ऐकत होती. प्रधान घामाघूम झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी खिशातून फोन काढला आणि न होणाऱ्या शूटिंगचं भाडं स्वतःच्या खात्यातून सोसायटीला भरलं. दाराच्या फटीतून हे बघताना दशरथला मास्कमध्ये इतकं हसू आलं की काच धुरकटली.

त्याच वेळी जिन्यावर हालचाल झाली. पस्तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी, डोळे सुजलेले, गर्दीतून वर येत होती.

"या, या मॅडम!" कोणीतरी वाट करून दिली. "हिरॉईन वाटतं."

"रडायचा सीन आहे का हो?" वसुधाताईंनी प्रेमाने विचारलं. "एक फोटो घेऊ?"

बाई टेपपाशी थांबली. तिने आधी गर्दीकडे पाहिलं, मग दाराकडे. "मी गंधाली," ती म्हणाली. "अण्णांची मुलगी."

"वा! अण्णांना कसं आहे आता? कधी सोडणार?"

गंधालीच्या चेहऱ्यावर जे आलं ते दशरथने दारातून पाहिलं. गेले चार दिवस ती ठाण्याला नणंदेकडे फोन उशाशी घेऊन बसली होती. बाबांच्या शेजाऱ्यांपैकी एकाचाही फोन आला नाही, एकही माणूस भेटायला आला नाही. दहा वर्षं इथे राहिलेल्या माणसाचं कोणाला काहीच वाटलं नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती. आणि आता हे सगळे इथे, पावडर लावून. "तुम्ही सगळे..." एवढंच ती म्हणाली.

प्रधान पुढे सरसावले. "हो हो, सीन चालू आहे, गर्दी करू नका!" आणि दशरथकडे बघून त्यांनी डोळ्याने खूण केली. चार विंग, टाक्या, जिने, गच्ची, सगळं त्या खुणेत होतं.

दशरथने मालनकडे पाहिलं. मालनने मान खाली घातली, मग वर केली आणि म्हणाली, "सांगा."

दशरथ उंबऱ्याच्या आतच उभा राहिला. मास्कमधून आवाज पोचेना, म्हणून त्याला ओरडावं लागलं. "शूटिंग नाय हे! अण्णा वारले. पाच दिवस आत पडून होते. मी साफ करायला आलोय. ह्या ताईंना वाटतंय तुम्हाला माहीत होतं. माहीत नव्हतं, हे सांगा त्यांना कोणीतरी!"

फोटोसाठी वर धरलेले फोन खाली आले. मग वसुधाताई मोठ्याने रडायला लागल्या. त्यांचं रडणं नेहमीच मोठं असे, पण आज ते खरं होतं. "अगं बाळा, आम्हाला म्हणाले ॲडमिट आहेत! मी मोसंबी आणून ठेवलीत गं, भेटायला जायचं म्हणून!" सुयोग ठाकूरांनी पावती पुस्तक शर्टाच्या आत सरकवलं.

प्रधान दशरथजवळ आले आणि दातओठ खात म्हणाले, "काँट्रॅक्ट विसरा." मग ते आपल्या फ्लॅटमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"मला आत जायचंय," गंधाली म्हणाली.

"आता नाही ताई," दशरथ म्हणाला. "पाऊण तास द्या मला. मग घर तुमचं." आणि गर्दीला म्हणाला, "ह्यांना बसायला काहीतरी द्या तोवर."

दहा मिनिटांत अकरा खुर्च्या आल्या. प्लास्टिकच्या, जेवणाच्या टेबलाच्या, एक तर कंप्युटरपुढची, चाकं लावलेली. पॅसेजमध्ये मावेनात म्हणून त्या जिन्याच्या वळणावर लागल्या. कोणी पाणी आणलं, कोणी सांगितलं की आज तुझं जेवण आमच्याकडून. टेपच्या पलीकडे मालन उभी होती. तिलाही एक खुर्ची मिळाली.

"गेला काय ता काँट्रॅक्ट?" तिने बंद दाराला तोंड लावून विचारलं.

"गेला."

"जांवदे. खुर्चेचे तुकडे नीट बांधा, वेत बोचता."

दशरथ कामाला लागला. रिकाम्या घरांत रिकाम्या जिन्यांवर काम करायची त्याला सवय होती. लोक दार लावून घ्यायचे, लहान मुलांना आत ओढायचे. आज बाहेर माणसं बोलत होती. अण्णा लिफ्ट बंद पडली की प्रत्येक मजल्यावर कसे थांबायचे. अण्णा पतंग काटला गेला की कसे रागवायचे. कोणीतरी हसलं, गंधालीसुद्धा हसली.

फरशी दुसऱ्यांदा पुसून, सुकवून झाली तेव्हा अजून वेळ होता. आता फक्त सूट काढायचा. तो दार उघडून, उंबऱ्यात प्लास्टिकवर उभं राहून काढायचा असतो आणि बाहेरून मालनने औषधाचा फवारा मारायचा असतो. त्यासाठी सगळ्यांना उठवावं लागलं असतं. हातमोज्यांत घामाचं पाणी साचलं होतं, पाठ चिकटली होती. त्याने दाराच्या भिंगातून बाहेर पाहिलं. वसुधाताई गंधालीचा हात धरून काही सांगत होत्या आणि सगळे त्यांच्याकडे वळून बसले होते.

मालनने हळूच दारावर टकटक केली. "झाला?"

"नाय गो," दशरथ आतून म्हणाला. "अजून थोडा आसा."